दोन कूपे आणि एक हायवे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी मोटारींवर लेख लिहावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आपल्या अंकात पाऊस असतो, आई असते, गावाकडची वाट असते, झालेच तर परीक्षेवरचा एखादा विनोदी लेख असतो. मोटार आलीच तर ती सहलीच्या वर्णनात येते, आणि तीही बंद पडलेली! पण माणसाचे मन कशात रमेल याला काही नेम नाही. कुणी तासन्‌तास ढगांकडे पाहत बसतो, कुणी देवळातल्या खांबावरची वेलबुट्टी न्याहाळतो. मी मोटारी पाहतो. छपरावरून निघून मागच्या चाकापर्यंत अलगद उतरत येणारी एखादी रेषा पाहिली की मला पुढे पाऊल टाकवत नाही.

हा नाद मला घरातूनच लागला. तलासरीजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आमचे पत्र्याचे गॅरेज आहे. बाबा मिस्त्री. इतर मुले पाटीवर अंक गिरवून शिकली असतील, मी ट्रकच्या नंबरप्लेटी वाचून शिकलो. 'जीजे' म्हणजे गुजरात आणि 'आरजे' म्हणजे राजस्थान, एवढा भूगोल मला शाळेत जाण्यापूर्वीच येत होता. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ म्हणत, आता ४८ म्हणतात. आमच्या पाड्यावर मात्र तो नुसता 'हायवे' आहे. तो आम्हाला भाकरी देतो. तो आमच्याकडून काय घेतो, तेही पुढे सांगणार आहे.

या लेखात मी दोन जर्मन गाड्यांची तुलना करणार आहे. दोन्ही मी जवळून पाहिल्या, दोन्हींत बसलो. दोन्ही 'कूपे' या जातीच्या. हा शब्द आपल्याला रेल्वेमुळे माहीत आहे. पहिल्या वर्गाच्या डब्यातील दोघांपुरत्या लहानशा खोलीला कूपे म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. घोडागाडीच्या काळात समोरासमोरच्या दोन बैठकींपैकी एक कापून टाकून दोघांची जी आखूड बंद गाडी करीत, तिला हे नाव पडले. पुढे मोटारी आल्या, आणि दोन दरवाजांच्या, मागे उतरत्या छपराच्या मोटारीला तेच नाव चिकटले. आमच्याकडे तलासरीहून उधव्याला जाणाऱ्या जीपमध्ये आत दहा-बारा आणि मागच्या पायरीवर दोघे-तिघे अशी माणसे जातात. त्या हिशेबाने कूपे म्हणजे शुद्ध चैन. पुढे दोघांनी ऐसपैस बसावे, मागचे आसन नावापुरते. लांबून पाहणाऱ्यालाही जिचा आनंद फुकट मिळतो, अशी ही चैन आहे, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल.

पहिली कूपे मी डहाणूला पाहिली. डहाणूपासून बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यालगत पारशी आणि इराणी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्या आहेत. त्यांतल्या एका वाडीत बाबा कित्येक वर्षे पाण्याचे पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायला जातात. २०१९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत पाने-पकडी उचलायला त्यांनी मला बरोबर नेले. शेडमध्ये चिकूच्या रिकाम्या क्रेटांआड ताडपत्री पांघरून काहीतरी उभे होते. वाडीच्या वृद्ध शेठजींनी स्वतः ताडपत्री ओढली, आणि मी बघतच राहिलो. फिकट हस्तिदंती रंगाची बुटकी गाडी, अंगावर कुठे कोपरा म्हणून नाही. नदीच्या पात्रातला गोटा जसा पाण्याने घासून गुळगुळीत होतो, तशी ती दिसत होती. समोर दोन लहान नाकपुड्यांसारख्या जाळ्या होत्या. शेठजींच्या वडिलांनी ती मुंबई सोडून मायदेशी निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून विकत घेतली होती. ती १९६२ सालची फोक्सवॅगन कारमान गिया होती.

या गाडीच्या नावातच तिची जन्मकथा आहे. सांगाडा आणि इंजिन फोक्सवॅगन कंपनीचे, म्हणजे सुप्रसिद्ध 'बीटल'चे. रूप इटलीतील तुरिन शहरच्या गिया या कारखान्याने रेखाटलेले. आणि गाडी प्रत्यक्ष घडवली ती जर्मनीतील ओस्नाब्रूक गावच्या कारमान कंपनीने. जुलै १९५५ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दहा लाखावी बीटल कारखान्यातून बाहेर पडली. युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. पडलेली घरे उभी राहिली होती, कामाला जायला साधी, स्वस्त, न कुरकुरणारी गाडी लोकांना मिळाली होती. पोट भरल्यावर माणसाला जसे गाणे सुचते, तशी त्या देशाला आता थोडी सुंदर गाडी हवीशी वाटू लागली होती. पण खिसा अजून बेताचाच. म्हणून बीटलचाच सांगाडा थोडा रुंद करून त्यावर हे देखणे अंग चढवले गेले. सणाला घरातल्याच मुलीला पैठणी नेसवावी, तसे!

आणि ही पैठणी हातमागाची होती. पुढचे नाक पत्र्याचे अनेक तुकडे जोडून केलेले. सांधे कथील आणि शिसे वितळवून भरायचे, मग कानशीने घासून बोटांना रेष लागेनाशी होईपर्यंत गुळगुळीत करायचे. बाबांनी मला पुढच्या मडगार्डवरून हात फिरवायला सांगितला. "सापडतो का जोड?" मला सापडला नाही. ते म्हणाले, "बीटलचा मडगार्ड बोल्ट सोडले की हातात येतो. हिचा अंगालाच वेल्ड केलाय. म्हणून हिला धक्का लागला की दुखणं मोठं."

मागचे झाकण उघडल्यावर मात्र थाट संपला. आत बीटलचे साधे इंजिन, ११९२ सीसीचे, शक्ती ३४ अश्वशक्ती. आज बाजारात मिळणाऱ्या अगदी लहान मोटारींचीही शक्ती याहून अधिक असते. चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, थंड करायला पाणी नाही की रेडिएटर नाही. पट्ट्यावर फिरणारा पंखा हवा मारतो आणि इंजिन त्या हवेवर थंड राहते. चार बोल्ट सोडले की अख्खे इंजिन खाली उतरवता येते. बाबांनी ही गाडी शिकण्यासाठी कुठले पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी ती उघडली, पाहिली, आणि कळली. पाणबुडीचा पंप असो की जर्मन मोटार, जी वस्तू डोळ्यांना दिसते ती हाताला कळते, असे त्यांचे म्हणणे आहे.

गाडी चालू झाल्यावर शेठजी मला म्हणाले, "बस पोरा, एक चक्कर मारू. दरवाजा जोरात आपटू नको हां, म्हातारीची हाडं आहेत." मग आम्ही नरपड, चिखले, घोलवड असे करीत बोर्डीच्या सुरूच्या बनापर्यंत गेलो. काटा पन्नासच्या आसपास. पण केवढा तो वेग वाटला! मागे इंजिन टरटरत होते, पायाखालची जमीन थरथरत होती, खिडकीतून खारा वारा तोंडावर येत होता. पुढे कुणी सायकलवाला दिसला की शेठजी दूरवरूनच पाय ब्रेकवर नेत. त्या ब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता. नांगरणारा माणूस बैलाचा कल ओळखून कासरा धरतो, तसे ते स्टीअरिंग धरून होते. या गाडीचा अगदी कमाल वेग ताशी ११५ ते १२० किलोमीटर, आणि थांबलेल्या गाडीने शंभर गाठायला अर्धे मिनिट तरी लागावे. दिसायला चित्ता, धावायला म्हैस! पण याची लाज तिच्या कारखानदारांनाही नव्हती. अमेरिकेत तिची एक जाहिरात गाजली होती. वाटेवर कागदाचा एक मोठा पडदा ताणलेला. गाडी ऐटीत येते, पडद्यावर धडकते, आणि पडदा फाटतच नाही. जी वस्तू आपली मर्यादा स्वतः हसत सांगते, तिच्याविषयी मला आदर वाटतो. १९७४ पर्यंत अशा सुमारे साडेचार लाख गाड्या तयार झाल्या.

दुसऱ्या कूपेची भेट ठरवून झाली नाही. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी सुरतेहून मुंबईला निघालेले एक तरुण गृहस्थ आमच्या गॅरेजपुढे येऊन थांबले. खड्ड्याच्या कडेने पुढच्या टायरची बाजूच फाटली होती. गाडीत स्टेपनी नव्हती, फक्त भोक बुजवून हवा भरायचे एक साधन होते, आणि फाटलेल्या टायरपुढे ते काय करणार? टायर वापीहून यायला चार तास लागणार होते. ते चार तास गाडी आमच्या जांभळीच्या सावलीत उभी होती आणि मी तिच्याभोवती फिरत होतो.

ती ऑडी टीटी होती, दुसऱ्या पिढीची. हिची पहिली पिढी १९९८ साली आली. तिच्या तीन वर्षे आधी, १९९५ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिचा नमुना मांडला होता. ते रूप घडवणाऱ्यांत जे मेज आणि फ्रीमन थॉमस हे दोघे प्रमुख होते. गंमत अशी की, याच जोडीने त्याच सुमारास फोक्सवॅगनसाठी जुन्या बीटलची नवी आवृत्तीही रेखाटली होती. त्यामुळे टीटीकडे पाहताना मला डहाणूच्या म्हातारीची आठवण झाली, ती उगाच नव्हे. तीच गोलाई, तेच कोपरे नसलेले अंग, तोच बुटकेपणा. शिवाय जशी कारमान गियाच्या आत बीटल, तशी टीटीच्या आत फोक्सवॅगनची गोल्फ, म्हणजे पुन्हा घरोघरची साधी गाडी! चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच घराण्याने पुन्हा एकदा घरातल्या मुलीला पैठणी नेसवली होती.

पण तेवढ्या वर्षांत माग मात्र बदलला होता. या गाडीचा पुढचा भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा पोलादाचा. पुढे इंजिनाचे ओझे असते, म्हणून पुढचे अंग हलके ठेवायचे आणि मागचे जड, म्हणजे तराजूची दोन्ही पारडी सारखी होतात. इंजिन १९८४ सीसीचे, शक्ती २००, म्हणजे म्हातारीच्या जवळजवळ सहापट. शंभरचा वेग साडेसहा सेकंदांच्या आसपास, कमाल वेग ताशी २४०. बाबांनी झाकण उघडले. आत काळ्या प्लॅस्टिकचे आणखी एक झाकण होते. ते थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनी झाकण पुन्हा लावून टाकले. "हिला पाना लागत नाही, कॉम्प्युटर लागतो," एवढेच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्या गावात आलेल्या परक्या भाषेच्या पाहुण्याशी माणूस जसे हसून गप्प राहतो, तसे ते गप्प राहिले.

त्या गृहस्थांनी माझा उत्साह पाहून मला आत बसू दिले. दरवाजाची कडी ओढताच काच आपणहून बोटभर खाली सरकली, दरवाजा लावल्यावर वर गेली. आणि त्या क्षणी बाहेरचा हायवे नाहीसा झाला! ट्रकची घरघर, हॉर्न, उन्हातली धूळ, सारे काचेपलीकडे राहिले. एसीच्या गारव्यात मला माझा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी एक बटण दाबले, आणि मागच्या झाकणातून एक पातळ पट्टी पंखासारखी वर उठली. "ही एरवी आपोआप उठते," ते म्हणाले, "ताशी एकशेवीसला. वेग ऐंशीच्या खाली आला की पुन्हा मिटते."

एकशेवीस! मला एकदम बोर्डीचा रस्ता आठवला. जिथे म्हातारीचा श्वास संपतो, तिथे ही पंख उघडते. एकीचा शेवट तीच दुसरीची सुरुवात. दोन काळांतले अंतर मोजायला मला याहून नेमके माप मिळाले नसते.

त्या पंखामागेही एक हकीकत आहे. पहिल्या टीटीला पंख नव्हताच. मागची गोल रेषा अखंड राहावी, तिच्यावर काही डकवलेले नसावे, असे ते मूळ रूप होते. पण जर्मनीतील रस्त्यांवर ताशी १८० च्या पुढे अचानक वळण घेताना किंवा मार्गिका बदलताना गाडीचा मागचा भाग हलका पडू लागला. अपघात झाले, माणसे दगावली. तेव्हा १९९९ च्या अखेरीपासून कंपनीने गाड्यांना मागे पट्टी बसवली, चाकांचे बांधकाम बदलले, आणि गाडी घसरू लागताच चाकांवर वेगवेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घातली. सौंदर्याच्या अंगावर तो एक टाका पडला. मला तो टाका आवडतो. रूपापेक्षा जीव मोठा, हे मान्य केल्याची ती खूण आहे.

आता तुलनेचा खरा मुद्दा. जुन्याची आठवण निघाली की 'जुने ते सोने' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. शेठजींच्या गाडीत पट्टे नव्हते, हवेच्या पिशव्या नव्हत्या. समोरून धडक बसली असती तर स्टीअरिंगचा दांडा भाल्यासारखा छातीवर आला असता. टीटीत पट्टे आहेत, पिशव्या आहेत, जोरात दाबला तरी चाक न अडकणारा ब्रेक आहे, आणि चालकाच्या आधी सावध होणारी ती यंत्रणा आहे. बाबांना पावसाळ्यातल्या रात्री मनोरला पाठवायचे झाले तर मी त्यांना म्हातारीत बसवणार नाही. कुणीही बसवणार नाही.

पण म्हातारीपाशी एक गुण होता तो टीटीपाशी नाही. ती आपला वेग लपवत नसे. ताशी पन्नासला ती पन्नास म्हणून ओरडत असे, ऐंशीला कापत असे, शंभराला गयावया करीत असावी. आत बसलेल्याला वेग कानांनी, तळपायांनी, पाठीच्या कण्याने कळे. टीटीत तो फक्त काट्याला कळतो. मी त्या गाडीतून प्रवास केला नाही, पण त्या गारव्यात पाच मिनिटे बसूनही मला उमगले की इथे दीडशेचा वेग साठसारखा वाटत असणार. धोका कमी करणारी प्रत्येक सोय थोडी भीतीही कमी करते. आणि कमी झालेली भीती माणूस साठवून ठेवत नाही, लगेच वेगावर खर्च करून टाकतो.

हे मला माझ्या काकूने शिकवले. मी सातवीत असताना, भातकापणीच्या दिवसांत, ती संध्याकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन हायवे ओलांडत होती. आमचा पाडा रस्त्याच्या एका अंगाला, खाचर दुसऱ्या अंगाला. रस्त्याखालून जाणारी वाट दीड किलोमीटरवर आहे. डोक्यावर भारा असताना दीड किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे, हे नकाशावर सोपे दिसते. एका मोटारीने तिला उडवले. कोणती गाडी, कुणाची, काही कळले नाही. ती थांबली नाही. काकूचा जीव वाचला, पण मांडीचे हाड जुळताना पाय आखूड राहिला. अजून ती काठी घेऊन चालते, आणि भारा आता चुलतबहीण वाहते.

पुष्कळ दिवसांनी मी तिला विचारले, "काकू, तुला गाडी दिसली नाही का गं?" ती म्हणाली, "भारा डोक्यावर असला की मान कुठं वळते? आम्ही कानांनी रस्ता ओलांडतो. ट्रक लांब असला तरी ऐकू येतो. ही गाडी आधी आली, आवाज तिच्यामागून आला."

'आम्ही कानांनी रस्ता ओलांडतो.' मोटारींवर मी जेवढे वाचले आहे त्यात हे वाक्य कुठे आले नाही. गाडीचे गुण सांगणारे सगळे लोक गाडीच्या आत बसलेले असतात. आतल्या माणसाला आवाज कमी लागतो, बाहेरच्या माणसाला तो जास्त हवा असतो. एकाचे सुख ते दुसऱ्याचे अंधत्व. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते तेव्हा हजारो माणसे, कडेवर पोरे आणि हातात नारळ घेऊन या रस्त्याच्या काठाने चालतात. त्यांच्यापैकी कुणालाही कूपे म्हणजे काय ते माहीत नसते. पण कूपेच्या वेगाचा अर्धा हिशेब त्यांच्या खात्यावर लिहिलेला असतो.

आणि आत बसलेलेही सुटत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. गणपतीचे दिवस होते. दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे जाणारी एक मर्सिडीज आमच्या डहाणू तालुक्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले एक गृहस्थ जागीच गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. तिथे तीन मार्गिकांचा रस्ता पुलाशी येऊन दोन मार्गिकांचा होतो, हेही तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. ती गाडी साधी नव्हती. जगातल्या चांगल्या कारागिरांनी जेवढी काळजी घेता येईल तेवढी घेऊन घडवलेली होती. पण पट्टा लावायचा हात शेवटी माणसाचा, आणि पूल आमच्या चारोटीचा.

त्या आठवड्यात बाबा वाडीत गेले होते. उदवाडा म्हणजे पारशांचे पवित्र स्थान, शेठजींचेही तिथे नेहमी जाणे-येणे. ते पडवीत बसून होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग बाबांना म्हणाले, "मिस्त्री, माझी गाडी मला घाबरवते ना, म्हणून मी आजपर्यंत जिवंत आहे." बाबांनी घरी येऊन हे वाक्य आम्हाला सांगितले, आणि जेवताना पुन्हा एकदा सांगितले.

आता ऑडी टीटीही इतिहासात जमा झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतील कारखान्यातून शेवटची टीटी बाहेर पडली. पंचवीस वर्षांत तीन पिढ्या आणि साडेसहा लाखांहून अधिक गाड्या झाल्या. पुढचा काळ विजेच्या मोटारींचा, आणि त्यांना तर इंजिनाचा आवाजच नाही. तेव्हा युरोपात जुलै २०१९ पासून असा नियम आला की विजेच्या नव्या नमुन्याच्या मोटारींनी कमी वेगात चालताना मुद्दाम आवाज केला पाहिजे, म्हणजे पायी चालणाऱ्यांना, विशेषतः अंधांना, गाडी आल्याचे कळेल. हे मी वाचले तेव्हा मला हसू आले आणि बरेही वाटले. शंभर वर्षे मोटारीचा आवाज कमी करण्यासाठी डोकी खर्ची घातली, आणि शेवटी तो परत मागून घ्यावा लागला! माझ्या काकूचे म्हणणे ब्रुसेल्सपर्यंत पोचले होते, फक्त तिचे नाव तेवढे पोचले नव्हते. मात्र हा नियम ताशी वीस किलोमीटरपर्यंतचा. आमच्या हायवेवर वीसने कोण जाते?

तर या दोन कूपेंपैकी श्रेष्ठ कोणती? मोटारींची तुलना करणारे लेख शेवटी गुण देतात, तसे मलाही दिले पाहिजेत. नुसते पाहत बसायचे असेल तर मी कारमान गियाला निवडीन, कारण तिच्या अंगावर माणसाच्या हाताची कानस फिरली आहे. त्या हातांची नावे कुणी लिहून ठेवली नसतील, पण गुळगुळीतपणा शिल्लक आहे. प्रवासाला निघायचे असेल तर टीटी. तिच्या प्रत्येक सोयीमागे कुठला तरी अपघात आहे आणि त्यातून शिकलेले शहाणपण आहे. ते नाकारणे म्हणजे गेलेल्यांचा अपमान होईल.

पण चालक निवडायचा असेल तर मला म्हातारीचा चालक हवा. टीटीत बसलेला, पण डहाणू-बोर्डी रस्त्यावरून म्हातारी हाकत शिकलेला. सायकलवाला दूरवर दिसताच ज्याचा पाय आपोआप ब्रेककडे जातो, गाडी गप्प असली तरी तिचा वेग ज्याला तळपायात जाणवतो, आणि काचा बंद असल्या तरी बाहेर कुणीतरी कानांनी रस्ता ओलांडत आहे हे ज्याच्या ध्यानात असते, असा.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांकडे आज मोटारसायकली आहेत, उद्या मोटारी येतील. एखाद्याकडे कूपेही येवो, माझ्या शुभेच्छा आहेत! आच्छाडचा नाका ओलांडून तलासरीत शिरताना, किंवा मुंबईकडून येताना सूर्येचा पूल मागे टाकल्यावर, काच जराशी खाली करा. वारा आत येईल, धूळ येईल, ट्रकची घरघर येईल, आणि आपण किती वेगाने चाललो आहोत तेही कळेल. कापणीचे दिवस असले तर रस्त्याच्या कडेला भारा घेऊन उभी असलेली एखादी बाई दिसेल. तिला मान वळवता येत नसते. तेवढी मान आपण वळवावी.